बसाप्पानं बोटीला ढाळ दिला

मंगळवार पेठेत ज्याची गच्ची गळत नाही असा माणूस दाखवा, मी त्याला घरी नेऊन चहा पाजतो. आणि खरोखरच गळत नसेल, तर ती बसाप्पानं केलेली असणार हेही आत्ताच सांगून ठेवतो.

बसाप्पा हा आमच्या पेठेतला गच्चीवाला. गळक्या गच्च्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि त्यावरून लोकांना फैलावर घेणं हा त्याचा छंद. शाळेत तो माझ्या बाकावर बसायचा. पुढं मी त्याच शाळेत मास्तर झालो आणि निवृत्तही झालो. तो मात्र साठी उलटली तरी अजून गच्च्यांवरच आहे. त्याचे वडील संकेश्वराकडून चुना मळायच्या कामावर कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. भांडण मात्र पूर्ण मराठीत, कारण गल्लीला ते कळलं पाहिजे.

आवाज असा की हा गच्चीवरून बोलला तर खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघतं. मालक गच्चीवर येऊन सूचना द्यायला लागला की हा थापी खाली ठेवतो. "पावणं, तुमी खाली जावा. घर तुमचं, गच्ची माझी." मालक वकील असो, डॉक्टर असो, मुकाट्यानं जिना उतरतो. मी स्वतः दोनदा उतरलोय, म्हणून सांगतो.

त्याचं म्हणणं एकच असतं. "पाणी लई शहाणं असतंय, मास्तर. त्येला वाट दावली की गुमान जातंय. न्हाय दावली, की ते तुमची वाट लावतंय." गच्चीला जो बारीक उतार द्यायचा असतो त्याला ढाळ म्हणतात. बसाप्पाचा ढाळ डोळ्यांना दिसत नाही, पण तांब्याभर पाणी ओता, ते कोपऱ्यातल्या पाइपकडं निघतं.

तो कोपराही कुठलाही चालत नाही. आमच्या पेठेत घराला घर खेटून आहे. एकाच्या गच्चीचं पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर गेलं की दोन पिढ्यांचा बोलाचालीचा प्रश्न मिटला म्हणून समजा. आमचं आणि शेजारच्या गणपतरावांचं तसंच होतं. त्यांच्या पाइपाचं पाणी आमच्या पत्र्यावर पडायचं, म्हणून आमच्या घरचं लग्न त्यांनी त्यांच्याच दारात उभं राहून पाहिलं. शेवटी बसाप्पानं त्यांची अख्खी गच्ची उकरली आणि ढाळ फिरवून सगळं पाणी रस्त्याकडच्या कोपऱ्यात नेलं. त्या दिवाळीला गणपतरावांच्या घरून फराळाचं ताट आलं. तेव्हापासून बसाप्पाचा नियम म्हणजे पेठेचा कायदा झाला: एक गच्ची, एक कोपरा, एक पाइप, आणि तो रस्त्याकडं. शेजाऱ्याच्या अंगावर थेंब जाता कामा नये.

असा हा माणूस. ह्याच्या पोटी पोरगी जन्मली ती पाण्यावर राहणारी.

शिवलीला ही त्याची एकुलती एक. कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल विभागात गेली, तिथं शिडाच्या बोटीची गोडी लागली, आणि ती काही सुटेना. पुढं रत्नागिरीकडच्या एका क्लबात शिकवायला लागली. तिची आई बसव्वा म्हणायची, "पोरीला इचलकरंजीत सुताच्या पेढीत चांगली नोकरी मिळत हुती, ही गेली वारं मोजायला." बसाप्पा वरवर चिडायचा, पण तिचा फोन आला की स्पीकरवर टाकायचा, म्हणजे गल्लीनं ऐकावं.

तिला स्वतःची शाळा काढायची होती. कोळ्यांची, शेतकऱ्यांची, कुणाचीही पोरं यावीत आणि शीड हाताळायला शिकावीत. गोव्यातल्या एका माणसाची जुनी यॉट तिनं मिळवली. बावीस फुटांची, दिसायला देखणी, आणि गुणांनी आमच्या जुन्या गच्चीसारखी. डेकला, म्हणजे बोटीच्या पाठीला, दोन्ही बाजूंनी पोचे आलेले. काठाला सगळीकडं दोन बोटं उंच पट्टी, पाय घसरू नये म्हणून. आणि पाणी जायला करंगळीएवढी दोन भोकं, तीही रंगानं आणि पाल्यानं बुजलेली. लाट येऊन गेली की पाणी डेकवर तळं करून बसायचं आणि तिथून झिरपत खालच्या खोलीतल्या अंथरुणावर ठिबकायचं.

बंदर खात्याच्या सर्व्हेअरनं एकदा पाहिली आणि नापास केली. डेकवर पाणी तुंबतंय, अशा बोटीवर मी पोरं बसू देणार नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. त्याचं चुकलं असं कुणी म्हणालं नाही, शिवलीलाही नाही. पण जेट्टीवरची जागा तिला दसऱ्यापर्यंतच राखून ठेवलेली होती. तोवर बोट पास झाली तर शाळा, नाही तर ती जागा दुसऱ्याला. मग तिच्या हातात गळकी बोट आणि समोर सुताची पेढी, एवढंच उरणार होतं.

हे तिनं फोनवर सांगितलं. स्पीकर चालू होता, त्यामुळं आम्हीही ऐकलं. बसाप्पानं फोन तोंडाजवळ ओढला. मग म्हणाला, "यव्वा, घेऊन ये तिला हिकडं. पावसाळाभर समुद्र बंदच असतोय की. अप्पा बघतोय काय करायचं ते."

बोट ट्रेलरवर बसून आंबा घाट चढून आली. उद्यमनगरातल्या एका रिकाम्या शेडमध्ये तिला उभी केली, तेव्हा निम्मं कोल्हापूर बघायला आलं. "बसाप्पाण्णा, समुद्र कवा आणतायसा?" असं विचारून लोकांनी हसून घेतलं. बसाप्पाचा ऐन हंगाम तो. जुलैत सगळं गाव गळत असतं आणि त्याचा फोन खणखणत असतो. यंदा तो एकच उत्तर द्यायचा. "बादली लावा खाली. माझ्या पोरीची बोट गळायलीया." आणि फोन बंद.

पहिल्याच दिवशी त्यानं सिमेंटची पोती मागवली. शिवलीलानं ती दारातूनच परत पाठवली. "अप्पा, ही बुडंल की!" ह्यावर बाप आणि लेक इतके भांडले की शेजारच्या लेथवाल्यानं मशीन बंद करून ऐकलं. शेवटी फायबरची जाळी आणि ती चिकटवून घट्ट करणारं रेझिन ठरलं. ते बसाप्पाला नवीन नव्हतं, हल्ली गच्च्यांनाही तेच मारतात. त्याचा जुना जोडीदार जोतीराम, गेली कित्येक वर्षं ह्याच्या शिव्या खाऊनही टिकलेला गवंडी, हाताखाली आला. दोघांनी मिळून पोचे भरले, घासले, पुन्हा भरले. गवंडी लोक पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून लेव्हल बघतात, तशी बोटभर लेव्हल बघितली. आणि बसाप्पानं ढाळ दिला. सगळा डेक डाव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात उतरवला आणि तिथं मनगट जाईल एवढा एकच पाइप काढला. करंगळीची जुनी भोकं बुजवून टाकली.

शिवलीला त्या दिवसांत क्लबच्या कामाला रत्नागिरीला गेली होती. परत आली ती बोट पाण्यात सोडायच्या आदल्या रात्री, आणि शेडच्या अंधारात डेकवर हात फिरवून म्हणाली, "अप्पा, लई गुळगुळीत झालंय." बसाप्पानं माझ्याकडं बघून मिशी पिळली.

मग राजाराम तलावावर परवानगी काढून बोट पाण्यात सोडली. पेठेतली माणसं जमली. बोट काठाला बांधून बसाप्पानं स्वतः डेकवर बादल्या ओतल्या. पाणी शाळेतल्या पोरांसारखं रांगेनं कोपऱ्यात गेलं आणि पाइपातून बाहेर पडलं. टाळ्या वाजल्या. बसाप्पा खाली उतरला, कारण बोटीचा दोर सुटला की हा माणूस तिच्यावर थांबायचा नाही. गच्ची कितीही उंच असो, तिला हलायची सवय नसते, एवढंच तो म्हणायचा.

शिवलीलानं दोर सोडला, शीड वर चढवलं आणि क्लबातल्या एका मैत्रिणीला डेकवर बादल्या ओतायला सांगितलं. वारा डावीकडून आला. बोट उजवीकडं कलली. आणि बसाप्पानं दिलेला तो सुरेख ढाळ तिथल्या तिथं उलटा झाला. डाव्या कोपऱ्यातला पाइप वर गेला, कोरडा ठणठणीत. सगळं पाणी उजव्या काठाला जाऊन पट्टीला टेकून बसलं. बाहेर पडायला तिकडं एक भोक नाही, जे होतं ते बुजवलेलं. मैत्रीण ओततेय, पाणी वाढतंय, आणि शेवटी ते दारातून सरळ खालच्या खोलीत. बोट काठाला आली तेव्हा शिवलीलाचा चेहरा मला बघवला नाही.

"बोटच वाकडी हाय तुजी," बसाप्पा काठावरून ओरडला.

"अप्पा, वाऱ्यानं बोट कलतीच. ती कललीच पायजे, तशीच पळती."

"मग तसलं येड्यागत हलणारं घर घेतलंसच कशाला?"

ती बादली घेऊन खोलीतलं पाणी उपसायला लागली. बसाप्पाच्या आयुष्यात त्याचं काम परत आलं नव्हतं. आलं ते पोटच्या पोरीचं, आणि सगळ्या पेठेसमोर. परतताना टेंपोत तो माझ्या शेजारी बसला होता. एवढा मोठा माणूस, पण गुडघ्यावर हात ठेवून असा बसला होता की मलाच गलबलून आलं.

घरी जेवणं झाली नाहीत. बसव्वानं ताटं वाढली आणि झाकून ठेवली. मी उगीचच तिथं थांबलो होतो, कारण दोघांना एकटं सोडायची मला भीती वाटत होती. बऱ्याच वेळानं शिवलीलानं विचारलं. रागानं नव्हे, खरंच कळेना म्हणून.

"अप्पा, एक सांगा. एवढा डेक, एवढ्या दोन बाजू. तुमी एकच पाइप का काढलासा?"

बसाप्पा तिच्याकडं असा बघायला लागला की जणू तिनं सूर्य पूर्वेला का उगवतो असं विचारलंय. "दोन्ही बाजूला काढला तर शेजारी भांडतोय की!"

शिवलीलाचा ओठ हलला.

"अप्पा," ती म्हणाली, "समुद्रात शेजारी कोण?"

बसाप्पाच्या पोटातून कसला तरी आवाज आला. मला वाटलं ह्याला काही झालं. तो हसत होता. हसता हसता त्यानं मांडीवर थाप मारली, माझ्या मांडीवरही मारली, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मास्तर, ऐकलंसा न्हवं? आयुष्यभर शेजाऱ्याला भिऊन एकाच कोपऱ्यात पाणी नेलं. आन हितं चहूकडं रान मोकळं! कुठंबी सोडा, कोण इचारतंय!" बसव्वानं झाकलेली ताटं पुढं ओढली. बसाप्पा त्या रात्री चार भाकरी जेवला.

दुसऱ्या दिवसापासून कामाची तऱ्हाच बदलली. नळीची लेव्हल त्यानं शेडच्या खिळ्याला अडकवून टाकली. "जमिनीवर ठरवायचंच न्हाय. पाणी कुठं बसतंय ते पाण्यातच बघायचं." बोट पुन्हा तलावात, काठाला बांधलेली. तालमीतली आठ पोरं बोलावली. चांगली दणकट, एकेकाचं वजन पोत्याएवढं. त्यांना आधी उजव्या काठावर बसवलं. बोट तिकडं कलली. शिवलीला वाऱ्याचा अंदाज सांगायची, "अजून, अजून थोडी कलू दे," आणि बसाप्पा ओरडायचा, "ए पैलवान, सरक की जरा बाहेर, लाजतोस काय!" मग तो पाणी ओतायचा, ते जिथं बसेल तिथं लाल खडूनं खूण करायचा. मग पोरं मागं, मग पुढं, मग डावीकडं. प्रत्येक वेळी पाणी आणि प्रत्येक वेळी खूण. संध्याकाळपर्यंत डेकवर दोन्ही काठांना लाल ठिपक्यांची माळ झाली, आणि पोरांनी बसव्वाच्या चपात्यांचा ढीग संपवला.

खुणा दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्याच जागी आल्या होत्या. आता ढाळ मधून दोन्हीकडं गेला, घराच्या कौलांसारखा. काठाच्या पट्टीला, जिथं जिथं खूण तिथं तिथं, हातभर लांब आणि चांगल्या रुंद खाचा पाडल्या. डेकच्या पोटात फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं. खाच पाडली की ते उघडं पडतं आणि पाणी पिऊन कुजतं. शिवलीलानं ते आधीच बजावलं होतं. बसाप्पानं प्रत्येक खाचेच्या कडेचं लाकूड आतवर कोरून काढलं, तिथं रेझिन भरलं, वाळू दिलं, मगच कड घासून घेतली. जोतीराम कंटाळून म्हणाला, "आण्णा, एक राहिली तर काय हुतंय?" बसाप्पानं त्याला असं काही सुनावलं की लेथवाल्यानं पुन्हा मशीन बंद केलं.

सर्व्हेअर साहेब दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आले. त्यांची सासुरवाडी कोल्हापूरची, तिथं काही कार्य होतं, म्हणून बोट रत्नागिरीला न्यायच्या आतच पाण्याचा निचरा इथं पाहतो म्हणाले. गावचा जावई म्हणून लोक काठावर जास्तच जमले. माणूस शांत आणि कडक. बोटीवर चढून प्रत्येक खाचेत त्यांनी बोट घालून पाहिलं, कड खरवडून पाहिली. मग म्हणाले, "कलवा."

तालमीची पोरं उजव्या काठावर बसली. बोट कलली. काठावर शेतीपंपाची मोटर लावून ठेवली होती, तिचा जाड पाइप डेकवर सोडला. पाण्याचा लोटच आला. तो डेकवरून खाली धावला, काठाच्या पट्टीला धडकला, आणि सगळ्या खाचांतून एकदम बाहेर फेकला गेला. उजव्या अंगाला पाण्याचा पडदाच लागला. "बंद करा," साहेब म्हणाले. मोटर थांबली. साहेबांनी घड्याळाकडं पाहायला हात वर केला, तोवर डेक मोकळा झाला होता. ते वाकून बघत राहिले. कुठं डबकं नाही, एक ओंजळ नाही. मग पोरं डावीकडं, पुन्हा तेच. पुढं, मागं, पुन्हा तेच. शेवटी साहेब खालच्या खोलीत गेले, अंथरुणावर तळहात दाबून बघितला आणि वर आले.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "पास. पोरं बसवा तुमची."

काठावर जो आवाज उठला तो विद्यापीठापर्यंत गेला असणार. तालमीची पोरं बोटीवरूनच पाण्यात उड्या मारायला लागली. जोतीराम, ज्यानं आयुष्यात कधी भावना दाखवली नाही, तो बसव्वासमोर हात जोडून रडत होता आणि ती त्याला पदरानं वारा घालत होती. शिवलीला बोटीतून उडी मारून चिखलातून धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. बसाप्पा "अगं, अगं, पाणी लागंल," असं काहीतरी म्हणत होता, आणि स्वतःच्या डोळ्यांतलं पुसायला त्याला हात मोकळा सापडत नव्हता. मला इतका आनंद झाला होता की मी शेजारच्या गणपतरावांना मिठी मारली. त्यांनीही मारून घेतली.

"अप्पा, जागा राहिली," शिवलीला म्हणाली. "शाळा सुरू. आता फक्त शिकणारी माणसं शोधायची."

"एक घावला की," बसाप्पा म्हणाला.

"कोण?"

"मी. घाल माजं नाव पयलं."

सगळे हसले. ती हसली नाही. दोर सुटला की बोटीवरून उतरणारा बाप तिनं बघितलेला होता. "पोहाय येतंय न्हवं?" तिनं विचारलं.

"हिरीत येतंय."

"मग जाकीट घाला. आणि एक सांगते, अप्पा. गच्चीवर तुमचं चालतंय. बोटीवर मी सांगीन ते ऐकायचं. जिथं बस म्हणीन तिथं बसायचं. आणि तोंड बंद."

बसाप्पाला असं कुणी, कधी, कुठंही बोललेलं नव्हतं. त्यानं एकवार आमच्याकडं बघितलं. मग जाकीट उचललं, पोटावर कसंबसं आवळलं, आणि पोरीनं बोट दाखवलं तिथं जाऊन बसला.

शिवलीलानं स्वतः दोर सोडला. शीड वर गेलं, फडफडलं, आणि वाऱ्यानं भरलं. बोट कलली. बसाप्पानं दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला, ओरडायला तोंड उघडलं, लेकीकडं बघितलं आणि मिटलं. तलावाच्या मधोमध जाईपर्यंत त्यानं ते मिटलेलंच ठेवलं, आणि काठावर आम्ही सगळी मंगळवार पेठ त्याच्या वाटचं ओरडत होतो.